फोटोतला चौथा

आमच्याकडे तिघांचा फोटो काढत नाहीत. मधल्या माणसाचं बरं होत नाही, असं आई म्हणते. मी हे कायम हसण्यावारी नेलं.

बाबांना मात्र फोटोचं भारी वेड. लग्नानंतरचा दोघांचा पहिला फोटो आमच्या हिंदी मुलखातल्या कार्तिक मेळ्यातला. मागे पडद्यावर रंगवलेलं विमान, पुढे खरोखर उडायला निघाल्यासारखी घाबरलेली आई. पुढे देवास गेटजवळ पासपोर्ट फोटोवाले आले, मग मोबाइल आला, आणि हल्ली लग्नाच्या मांडवात फोटोबूथ असतो. नानाखेड्याला मामेबहिणीच्या लग्नात बाबांनी आम्हा मायलेकींना तसल्याच एका बूथमध्ये ओढलं. पडदा सरकवला की कोणी बघत नाही, मग भलीभली माणसं वेडीवाकडी तोंडं करतात. बाबांना तेच तर हवं असायचं.

"तिघं नको," म्हणत आईने बाहेरच्या एका अनोळखी वऱ्हाडी काकांना हाक मारली, "भाईसाब, ज़रा अंदर आ जाओ ना!" फोटोत ते काका आमच्यापेक्षा जास्त हसताहेत.

त्यानंतर वर्षभरात बाबा विसरायला लागले. आधी चष्मा, मग घरचा रस्ता, मग माझं नाव. डॉक्टरांनी आजार नीट समजावून सांगितला, पण आईचं एकच. "तो चौथा परका होता गं. तो धरलाच गेला नाही. तीनच झालो आपण, अन् बीच में हे." मी चिडले, नाही नाही ते बोलले. ती बाबांच्या शर्टाची बटणं लावत राहिली. त्याचा मला आणखीच राग आला.

परवा मॉलमध्ये बूथ दिसला आणि बाबा थबकले. त्यांना काही आठवलं की नुसता लाल पडदा आवडला, देव जाणे. आम्ही आत शिरलो. बाबा मधे बसू लागले, तर आईने त्यांचा दंड धरला.

"अहो, तुम्ही साइडला सरका."

ती स्वतः मधे बसली.

"कोणाला बोलवू चौथं?" मी विचारलं.

"नको. आज तिघंच."

तिने पदर नीट केला, बाबांचा हात मांडीवर घेतला आणि कॅमेऱ्याकडे शांतपणे बघत राहिली. समोर स्क्रीनवर आकडे उलटे पळायला लागले होते. मी पडदा बाजूला ओढला आणि बाहेर बसलेल्या मशीनवाल्या बाईला ओरडून म्हणाले, "दीदी, अंदर आओ! जल्दी आओ ना!"