पुष्पाबाईंनी लपवलेली गोष्ट

धावडा गावात कुणालाही विचारा, मिरचीच्या क्रॉसिंगला, म्हणजे संकरित बियाण्याच्या कामाला, पुष्पाबाईंसारखा हात नाही असंच सांगतील. शेडनेटच्या जाळीखाली चालणारं हे काम मोठं नाजूक. कळी उमलायच्या आदल्या दिवशी ती चिमट्यानं उघडायची, आतले पुंकेसर एकूण एक काढायचे आणि दुसऱ्या सकाळी तिला दुसऱ्या वाणाचे पराग लावायचे. चुकून एखादा पुंकेसर राहिला, तर बियाणं तपासणीत नापास व्हायची धास्ती. वीस वर्षं बाईंचा एकही राहिला नव्हता. गेल्या दोन वर्षांपासून मात्र त्यांना जवळचं धड दिसेना. बोटांच्या अंदाजावर त्या वेळ मारून नेत होत्या. चष्मा लावायची सोय नव्हती. मागच्या साली चष्मा लावून आलेल्या, त्यांच्याच ओळीतल्या मीनाला शेडनेटच्या मालकानं गोड बोलून कमी मजुरीच्या निंदणीला धाडलं होतं.

अशात तृप्ती आली. दिराची पोरगी, शहरात डिझाइन शिकणारी. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी तिनं मांडलेले चारही विषय सरांनी एकाच प्रश्नावर उडवले होते: हे कुणासाठी? म्हणून ती वही घेऊन काकूंच्या शेजारी येऊन बसली. अडचण विचारली की काकूंचं ठरलेलं उत्तर, "काई न्हाई बाई, बराबर चालू हाय." पोरगी गुणाची, पण भलतीच चिकट, असं बाईंना वाटायला लागलं.

तिसऱ्या दुपारी तृप्तीनं काकूंनी नुकत्याच हातावेगळ्या केलेल्या कळीचा फोटो काढला आणि मोबाइलवर मोठा करून त्यांच्यापुढे धरला. दोन पुंकेसर तसेच होते.

"हे लिहू नको," त्या हळूच म्हणाल्या. "जवळचं दिसून न्हाई राह्यलं मला. मालकाला कळलं तर मी बी निंदणीला."

तृप्तीनं वही मिटली. "काकू, साधा चष्मा..."

"चष्म्याचं नावच काढू नको!" मग बाईंनी ओळीतल्या वाकलेल्या बायकांकडं पाहिलं. "निम्म्यांचं हेच हाय. एकमेकींलाबी सांगत न्हाईत. तुला करायचंच असंल तर असं कायतरी कर, जे पोरीसोरीलाबी घालावं लागंल. सगळ्याच घालून बसल्या, मंग कोणाला दिसत न्हाई ते कोण वळखणार?"

तृप्तीनं वही पुन्हा उघडली.

"लिही नंतर," बाई उठल्या. "आधी तो मोबाइल घे. दुपारपासून केलेल्या सगळ्या कळ्या दाखव मला. चुकलेली एक बी झाडावर ठिवायची न्हाई."