एकतीस डिसेंबरचा अकरावा प्रश्न

माझ्या मुलीचं जमलेलं लग्न एका प्रश्नपत्रिकेमुळे मोडायला आलं होतं, आणि ती प्रश्नपत्रिका मी स्वतः, दोन रंगांच्या शाईत, चार दिवस खपून काढली होती.

पल्लवी आमची एकुलती एक. निखिल, म्हणजे होणारा जावई, मलाजखंडला तांब्याच्या खाणीत इंजिनिअर. दोघांनी एकमेकांना पसंत केलं होतं आणि आम्ही आईबापांनी मान डोलावली होती. पण साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, अजून व्हायचं होतं, आणि साक्षगंध होईपर्यंत आमच्या भागात काहीच पक्कं धरत नाहीत. पापड वाढायचे राहिले म्हणूनही लोक उठून गेलेले आहेत. (माझ्या चुलतभावाचं पहिलं स्थळ असंच गेलं. दुसऱ्या स्थळाच्या वेळी काकूने दोनशे पापड तळले होते.) तर साक्षगंधाचं बोलायला निखिलचे आईवडील लालबर्ऱ्याहून एकतीस डिसेंबरला दुपारी आमच्याकडे बालाघाटला जेवायला येणार होते.

निखिलचे वडील देवरावजी निवृत्त हेडमास्तर. त्यांना सगळे गुरुजी म्हणतात, त्यांची बायकोसुद्धा. घराणं मूळचं विदर्भातलं, पण तीन पिढ्या इकडे मध्य प्रदेशात, लालबर्ऱ्याला राहून घरात मराठी, दारात हिंदी आणि रागात दोन्ही, अशी त्यांची व्यवस्था आहे. त्यांच्याशी माझं पहिल्या दिवसापासून जमलं. चार दिवसांपूर्वी आम्ही दोघांनी फोनवर लग्नाची तिथीसुद्धा ठरवून टाकली होती, वैशाख वद्य पंचमी. त्यांनी इंग्रजी तारीख सांगितली नाही, मी विचारली नाही. तारखेचा विटाळ न होऊ देता लग्न ठरवणारे दोन पुरुष या जिल्ह्यात अजून शिल्लक आहेत, याचं आम्हा दोघांनाही फार समाधान वाटलं.

"डायरीत लिवून ठेवा," शोभा, म्हणजे माझी बायको, म्हणाली होती.

"तिथी लिहायची नसते. ती माहीत असते," मी म्हणालो होतो.

असा मी, आणि इंग्रजी नववर्षाच्या प्रश्नमंजूषेच्या भानगडीत पडलो तो पल्लवीमुळे.

"बाबा, जेवण झाल्यावर तुम्ही दोघं राजकारणावर बोलणार, मग वाजणार. त्यापेक्षा न्यू इयरचा क्विज घेऊ. मोबाइलवर रेडीमेड मिळते."

तिने मला ते तयार प्रश्न दाखवले. पहिला प्रश्न होता, न्यूयॉर्कमध्ये एकतीस तारखेच्या मध्यरात्री खांबावरून काय खाली येतं? उत्तर, चेंडू. मी उभी हयात कॉलेजच्या ग्रंथालयात काढलेली. चेंडू खाली येतो यात जाणून घेण्यासारखं काय आहे, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. चेंडू आणखी कुठे जाणार? मी म्हणालो, "प्रश्न मी काढतो."

पल्लवीचा चेहरा पडला. "बाबा, प्लीज. सोपे काढा. त्यांना मजा आली पाहिजे."

स्वयंपाकघरातून शोभाचा आवाज आला. "पाहुण्याइले जेवाले बलावलं का परीक्षेले? आन घ्याचाच असन क्विज, त गुरुजीच जितले पाह्यजे. समजलं का?"

"समजलं."

"मंग लाल शाई काहून आणली?"

मी लाल पेन खिशात सरकवलं. लाल शाई उत्तरांसाठी होती. उत्तरं पंचवीस होती.

पाहुणे आले. जेवण उत्तम झालं. चिन्नोर तांदळाचा भात, वांग्याची भाजी, आणि पापड इतके की ताटात भात शोधावा लागत होता. मग आम्ही गच्चीवर उन्हात सतरंजी टाकून बसलो. एका बाजूला वरपक्ष, म्हणजे गुरुजी आणि त्यांच्या पत्नी सुमनबाई. दुसऱ्या बाजूला वधूपक्ष, म्हणजे शोभा आणि पल्लवी. निखिलची ड्यूटी होती, म्हणून तो वाचला.

मी घसा साफ केला. "प्रश्न पहिला. नवीन वर्ष जगात सगळ्यात आधी कुठे सुरू होतं?"

"जापान," गुरुजी ताबडतोब म्हणाले. "उगते सूरज का देश. हे त पाचवीच्या पोराले बी माहीत हाय."

शोभाने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत 'बरोबर म्हणा' असं स्वच्छ लिहिलं होतं. मला ते वाचताही आलं. पण हयातभर लोकांना बरोबर पुस्तक काढून दिलेल्या माणसाचा हात चुकीच्या कपाटाकडे जात नाही.

"किरिबाती," मी म्हणालो. "प्रशांत महासागरातला छोटा देश आहे. पण तुमचं उत्तर पूर्वेलाच होतं, म्हणून अर्धा गुण."

"अर्धा?" गुरुजी म्हणाले. त्यांनी आयुष्यात अर्धे गुण हजारोंना दिले असतील. स्वतः घेण्याचा प्रसंग पहिलाच असावा.

"पल्लवी, तुझं काय उत्तर होतं?" मी निःपक्षपातीपणा राखत विचारलं.

"गोंदिया," पल्लवी म्हणाली. मुलीने सासऱ्यांसाठी हरायचं ठरवलं होतं. शोभा तर प्रत्येक प्रश्नाला "मले नाई माहीत" एवढंच म्हणत होती, तेही प्रश्न पूर्ण व्हायच्या आत.

पुढे मी विचारलं, की रोमन लोकांच्या इतिहासात एक वर्ष चारशे पंचेचाळीस दिवसांचं होऊन गेलं, ते कोणी केलं?

"कोणी बी केलं असन," गुरुजी म्हणाले, "पण त्या साली शाळेचा निकाल कवा लागला, हे सांगा पयले."

मी म्हणालो, प्रश्न विचारण्याचं काम माझ्याकडे आहे. गुरुजी म्हणाले, प्रश्नच आउट ऑफ सिलेबस आहे. चाळीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाला प्रश्न विचारला की तो उत्तर देत नाही, प्रश्न तपासतो, हे मला तेव्हा उमगायला हवं होतं. सातव्या प्रश्नापर्यंत त्यांनी माझे तीन प्रश्न रद्द केले होते आणि एकाची भाषा सुधारून दिली होती.

आठवा प्रश्न मात्र मला फार प्रिय होता. "पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ कोणत्या महिन्यात असते?"

"जूनमंधी. नवतपाचं ऊन तापते तवा."

"चूक. जानेवारीत."

गुरुजींनी गळ्यातला मफलर सोडून माझ्यासमोर धरला. "म्हणजे हा मी गर्मीच्यानं बांधला हाय का?"

आता माणसाने हसून पुढे जावं. मी समजावून सांगायला बसलो. ताटलीतला एक पेरू घेतला, ती पृथ्वी. शोभाच्या पुढ्यातला भज्यांचा डबा, तो सूर्य. पेरू तिरपा धरून मी डब्याभोवती गुडघ्यांवर अर्धी फेरी मारली. पृथ्वीचा आस कलता असतो म्हणून थंडी पडते, अंतरामुळे नाही, हे सांगताना मी पेरू क्षणभर सतरंजीवर ठेवला. परत पाहतो तर सुमनबाईंनी पृथ्वीला मीठ लावलं होतं.

"गोड हाय," त्या शोभाला म्हणाल्या. "घरच्या झाडाचा हाय का, ताई?"

दहा प्रश्न झाले तेव्हा वरपक्षाचे दीड गुण होते, वधूपक्षाचा भोपळा होता, आणि गुरुजी मफलर पुन्हा बांधून घड्याळाकडे बघत होते. पल्लवी खुणा करत होती, आटपा. मलाही जाणवलं, की वातावरण थंड पडलं आहे. म्हटलं, आता गुरुजींना पूर्ण गुण मिळेल असा सोपा, घरचा, आपल्या संस्कृतीतला प्रश्न घालावा. यादीत अकरावा होता.

"होळी पेटली. दुसरा दिवस उजाडला. महिना कोणता?"

गुरुजी पहिल्यांदा खुलले. "चैत. चैत्र लागला ना, भाऊ."

आणि मी म्हणालो, "चूक. फाल्गुनच. फाल्गुन वद्य प्रतिपदा."

गुरुजींनी हातातलं भजं परत डब्यात ठेवलं. 

"जापान चुकलं, मी मानलं," गुरुजी सावकाश म्हणाले. "सूर्य चुकला, तोही मानला. पण चैत? हमारे दादा-परदादा से होली के दूसरे दिन चैत लगता है. मी काय अंगूठाछाप हाय का?"

"अहो गुरुजी, तुमी बसा न," सुमनबाई म्हणाल्या.

"मी बसूनच हावो. हे उभे हायत."

मी खरंच उभा राहिलो होतो. मी खाली गेलो आणि स्वयंपाकघरातलं कॅलेंडर खिळ्यासकट उपटून आणलं. गुरुजींनी पिशवीतून पंचांग काढलं, साक्षगंधाचा मुहूर्त पाहायला आणलेलं. दोन्ही शेजारी उघडली. माझ्यात होळीनंतर फाल्गुन वद्य होता. त्यांच्यात चैत्र कृष्ण होता. दोन्ही छापील, दोन्हींवर गणपती.

मग मला सगळं आठवलं, म्हणजे जे मी कधीच विसरायला नको होतं ते. महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो, हिंदी मुलखात पौर्णिमेला. त्यामुळे चंद्र वाढत असतो तेव्हा दोघांच्या महिन्याचं नाव एकच असतं, आणि तो उतरायला लागला की हिंदी पंचांग एक नाव पुढे जातं. हे मी वाचलेलं होतं. बालाघाटात जन्म काढला, जिथे माझ्या भिंतीवर एक कॅलेंडर आणि समोरच्या किराणा दुकानात दुसरं, तिथे हे रोज डोळ्यांसमोर होतं. प्रश्नपत्रिकेत मात्र लाल शाईने एकच उत्तर लिहिलं होतं.

"दोघंही बरोबर आहोत," मी उदारपणे जाहीर केलं. "तुमचा महिना पंधरा दिवस आधी लागतो, एवढंच."

"मग पूर्ण नंबर द्या," गुरुजी म्हणाले.

मी देणारच होतो. तेवढ्यात शोभा, जिने दुपारपासून एकाही प्रश्नाचं उत्तर दिलं नव्हतं, तिने एक प्रश्न विचारला.

"मंग वैशाख वद्य पंचमी कवा येते?"

"मे महिन्यात," मी म्हणालो.

"अप्रैल में," गुरुजी म्हणाले.

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग दोघांनीही खाली, कॅलेंडरकडे आणि पंचांगाकडे पाहिलं. तिथेही तेच होतं. मध्ये पूर्ण एक महिना होता.

"दोन बसा ठरवल्या मी," गुरुजी हळू आवाजात म्हणाले. "बँडवाल्याले सांगून देल्लं. निखिलनं सुट्टीचा अर्ज टाकला. आमी बारात घेऊन इथं दारात उभे राह्यलो असतो, आन तुमी?"

मी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. एप्रिलात मी साधारण बनियनवर, पाटावर उभा राहून कूलरचा वाळा बदलत असतो. पण हे बोललो नाही.

"नवरदेव घोड्यावर, आन मुलीवाल्याइच्या घरी मांडव नाई," गुरुजी उठले. "लालबर्ऱ्यात तोंड दाखवाले जागा राह्यली नसती. चाला सुमन. ज्या घरी महिन्याचाच मेळ नाई..."

पल्लवीचा हात पापडाच्या ताटलीवर तसाच थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मी पुस्तकात वाचलेल्या कशाचाच मला काही उपयोग होईना.

"थांबा न, गुरुजी," शोभा शांतपणे म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "लॉनवाल्याले फोन लावा. स्पीकरवर."

लग्नासाठीचं लॉन मी दोन दिवसांपूर्वीच ठरवलं होतं. तेही अर्थात तिथी सांगून. मी फोन लावला.

"नमस्ते बाबूजी," लॉनवाला म्हणाला. "चिंता मत करो. आपने बैसाख कृष्ण पंचमी बोला था ना, हमने पंचांग देख के अप्रैल में लिख लिया है. मई तो पूरा फुल है वैसे भी."

गुरुजींनी मफलरची गाठ अर्धी सोडली.

"मला पण निखिलने एप्रिलच सांगितलं होतं," पल्लवी पुटपुटली. "मी ऑफिसमध्ये सुट्टी टाकली. मला वाटलं, बाबांना माहीत असेल."

"मले सुमनताईनं तिथी ठरली त्याच दिवशी फोनवर तारीख सांगतली," शोभा म्हणाली. "हलवायाले बी मीच सांगतलं. आत्ता हे फाल्गुन-चैत चालू झालं, तवा वाटलं, एकडाव इचारून पाहावं, यायच्या डोक्यात काय हाय."

गुरुजी सतरंजीवर परत बसले. त्यांनी एक एक बोट मोडत मोजलं. "म्हणजे बारात आली असती. लॉन तयार. हलवाई तयार. नवरी तयार. नवरीची आई तयार." मग ते थांबले आणि अतिशय प्रेमाने माझ्याकडे पाहू लागले. हेडमास्तरच्या चेहऱ्यावर इतकं प्रेम मी शाळेत असताना एकदाही पाहिलं नव्हतं.

"बसा, व्याहीबुवा," ते म्हणाले. "भजे घ्या."

उरलेले चौदा प्रश्न कोणी विचारू दिले नाहीत. गुरुजींना अकराव्याचा पूर्ण गुण मिळाला. तो मी दिला नाही, त्यांनी माझ्या हातातलं पेन घेऊन स्वतः मांडला, लाल शाईने. साक्षगंधाचा दिवस सुमनबाई आणि शोभाने तिथेच ठरवला, वार आणि तारीख सांगून, आणि मला ती दोनदा म्हणायला लावली.

लग्न एप्रिलात झालं आणि झकास झालं. जेवणाची, मांडवाची, मानपानाची लालबर्ऱ्यात अजून तारीफ होते असं ऐकतो. सुमनबाई मात्र भेटेल त्याला वेगळीच गोष्ट कौतुकाने सांगतात: मुलीचे वडील, म्हणतात, लग्नाला अगदी वेळेवर हजर होते.