पश्चात एक बहीण

आमच्या कोल्हापुरात माणूस गेला की पाहुण्यांच्या आधी केबलवाल्याला फोन जातो. लोकल चॅनेलवर फोटो, नाव, पश्चात कोण कोण आणि रक्षाविसर्जन किती वाजता, एवढं फिरत राहिलं की माणसं आपोआप घाटावर जमतात. शाहूपुरीतल्या अशाच एका केबलच्या ऑफिसात मी राउटर सांभाळतो. लोकांची गेलेली माणसं टीव्हीवर पोचवताना मला कधी काही वाटलं नव्हतं. मग माझेच वडील गेले.

जायच्या आधी ते एकच घोकत होते, "आक्काला कळवा. येळंत कळवा." आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, माझी आत्ती. ती गगनबावड्याजवळच्या वाडीत एकटी राहते. आजी गेली तेव्हा वडिलांनी धांदलीत तिला उशिरा कळवलं होतं. ती कसबा बावड्याला आमच्या दारात पोचली तोवर रक्षाविसर्जन उरकलं होतं. "माझी आई न्हवती व्हय रं ती?" एवढंच विचारून ती उंबऱ्यावरून परतली, ती पुन्हा आली नाही. वडिलांनीही बोलावलं नाही. दोघंही सारखीच हेकट.

आता पावसानं रस्त्यावर पाणी आलेलं, एसटी बंद, आत्तीच्या शेजाऱ्यांचा फोन लागत नव्हता. उरला टीव्ही. तर तिकडचं चित्रही गोठलेलं, कारण आमची मुख्य केबल वाटेत कुठंतरी पाण्यात बसली होती. रक्षाविसर्जन दुसऱ्याच दिवशी सकाळी होतं. मी तडक ऑफिस गाठलं.

"सुतकात हिकडं कशाला कडमडलास?" मालक ओरडले. कारण सांगितल्यावर त्यांनी स्वतःची खुर्ची मला दिली. जाहिरात टाइप करणाऱ्यानं सवयीनं ‘पश्चात पत्नी, मुलगा, सून, नातवंडे’ असं लिहिलं होतं. मी त्यात ‘एक बहीण’ घालायला लावलं.

डोंगरावरच्या डिशवरून गगनबावड्याला दुसरी वाट होती, पण अरुंद. सगळी चॅनेलं तिच्यातून जाणं शक्य नव्हतं. म्हणून मी राउटरला नियम घालून दिला की लोकल चॅनेल तेवढं या वाटेनं सोड. इकडून ते निघालं आणि तिकडच्या राउटरनं फेकून दिलं. मल्टिकास्टचा स्वभावच तसा आहे. एकच प्रवाह मागेल त्या प्रत्येकाला वाटायचा, पण तो नेहमीच्या वाटेनं आला तरच घरात घ्यायचा. मुख्य केबल अर्धमेली का होईना, चालू दिसत होती. त्यामुळे ते यंत्र तिच्याकडंच डोळे लावून बसलेलं, दुसऱ्या दारानं आलेल्याला ओळखच देईना. असला आडमुठेपणा मी घरात उभा जन्म पाहिला होता. चडफडत तिकडच्या राउटरलाही नियम लिहिला, या चॅनेलपुरती हीच वाट खरी मान.

मग त्यानं घेतलं. पण कुणी मागितल्याशिवाय ते पुढं जात नाही. मी स्क्रीनकडं बघत बसलो. दुपार उतरताना तिकडच्या राउटरच्या, आत्तीच्या वाडीकडं जाणाऱ्या जोडणीवर मागणी उमटली. कुठल्यातरी घरानं लोकल चॅनेल लावलं होतं. कुठल्या, ते कळायला मार्ग नव्हता. तरी मला रडू आवरेना.

दुसऱ्या दिवशी आत्ती आली नाही, येणार तरी कशी? घाटावरून मी परत ऑफिसात गेलो. डिशवरची ती वाट एरवी लोकांच्या इंटरनेटसाठी होती. चॅनेलनं ती अडवल्यामुळं तिकडून तक्रारी येऊन मालक बेजार झाले होते. वाडीवरची मागणी तशीच उभी होती. कुणीतरी टीव्ही चालू ठेवून शेताला गेलं असेल असं मी मनाला सांगितलं आणि नियम काढून टाकला.

रस्ता मोकळा झाल्यावर वाडीला गेलो. आत्तीनं मला जवळ बसवलं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

"येक बहीण म्हणून लिवलंतंस न्हवं? शेजारणीकडनं वाचून घेतलं," ती म्हणाली. "ह्या टायमाला येळंत कळलं बघ. घाटावर यायला न्हाय जमलं, म्हणून टीव्हीम्होरंच बसलो हुतो. फोटू फिरून फिरून यायचा. बंद कराय हात धजंना. अन् मग येकदम समदं काळं झालं. कुणी बंद केलं रं?"

"मी," मी म्हणालो.

"व्हय. कवातरी करायचंच हुतं की कुणीतरी," असं म्हणून तिनं पदर डोळ्यांना लावला आणि भाऊ गेल्यावर पहिल्यांदाच मोठ्यानं रडली.