दाराजवळची खुर्ची

दर्ना गातेईच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक अख्खा देश दिसतो. भांडी घासताना मान वर केली की समोर तितानो डोंगर, त्याच्या कण्यावर तीन बुरूज आणि बुरुजांखाली सान मारिनोचं प्रजासत्ताक. दर्ना त्याला प्रजासत्ताक म्हणत नाही, 'वरची वाडी' म्हणते. वाडीला स्वतःचं सैन्य, स्वतःची टपाल तिकिटं, दर सहा महिन्यांनी बदलणारे दोन दोन राष्ट्रप्रमुख. "इतक्या वेळा तर मी उशांचे अभ्रेही बदलत नाही," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवते. पंच्याहत्तरीला आलेली, बुटकी, रुंद बाई. कंबरेला सदा एप्रन आणि तोंडाला कधीच टाळं नाही.

गंमत अशी की ती जन्मली त्याच वाडीत. ओढ्याअलीकडच्या, म्हणजे इटलीतल्या ओरेस्तेशी लग्न केलं आणि त्या क्षणी तिचं नागरिकत्व गेलं. कायदाच तसा होता. वरच्या पुरुषाने कुठूनही बायको आणावी, ती त्यांची होई. वरच्या मुलीने ओढा ओलांडला की ती परकी. पुढे एकदा देशाने मतदान घेतलं, अशा मुलींना आपलं म्हणायचं का? निकाल लागला, नाही म्हणायचं. दर्नाने धाकट्या भावाला, क्विंतोला, सरळ विचारलं, "तू कशावर खूण केलीस?" तो म्हणाला, "मत गुप्त असतं." त्या दिवसापासून दर्नाने त्याच्याशी बोलणं टाकलं. काही वर्षांनी कायदा बदलला. अर्ज करा, परत घेतो म्हणाले. दर्नाने नाक मुरडलं. "चोराने कोंबडी न्यायची आणि वर म्हणायचं, अर्ज करा, अंडं देतो!"

आईबापाच्या मयतीचे दोन दिवस सोडले तर ती परत वर गेली नाही. आई मात्र जिवंत होती तोवर दर रविवारी अंडी घेऊन खाली यायची. दाराजवळच्या खुर्चीत बसायची, दर्नाने वाढलेलं खायची आणि उन्हं कलली की निघायची. "त्या अख्ख्या वाडीत माझं म्हणून एकच माणूस होतं," दर्ना अजून सांगते.

आता शेत मुलाचं, लोरिसचं. सून कात्याने त्याचं पाहुणेघर केलंय. शहरातले लोक पैसे मोजून कोंबड्यांच्या आरवण्याने उठतात आणि वर कोंबडे फार ओरडतात अशी तक्रार करतात. दर्ना त्यांना लोखंडी तव्यावर पिआदा भाजून घालते. पिआदा म्हणजे आपली भाकरीच, पण डुकराच्या चरबीत मळलेली, बोटभर जाड. पिआदाच्या पोळपाटाला घरच्या बाईशिवाय कुणी हात लावायचा नाही हा दर्नाचा नेम. कात्या चालते, ती सून आहे. पोटची मोरेना चालत नाही. तिला रिमिनीला दिली, ती आता त्यांची. मोरेना आली की दर्ना तिच्यासाठी कपाटातली निळ्या काठाची पाहुण्यांची बशी काढते आणि म्हणते, "बस गं तू, पाहुणी आहेस."

या सप्टेंबरात कात्याने नवं खूळ काढलं. जाहिरातीत छापलं: संताच्या सणाला सान मारिनो, अस्सल गावरान आजीसोबत.

"गावरान आजी म्हणजे कोण गं?" दर्नाने विचारलं.

"तुम्हीच की!"

"मग बकरीही ने बरोबर. तीही अस्सल आहे."

लोरिस काकुळतीला आला. "आई, द्राक्षं तोडणीला आलीत, गारांचा अंदाज आहे. मला जाता येत नाही. पाहुण्यांनी पैसे भरलेत."

दर्नाने तासभर सगळ्यांचा उद्धार केला आणि मग गुपचूप बाहेर जायचे बूट पुसायला घेतले. तिच्या मनात वेगळंच होतं. वसंतात क्विंतोच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. ती भेटायला गेली नव्हती, सुपासाठी एक कोंबडी तेवढी धाडली होती, तीही निरोपाशिवाय. पण रात्री अंथरुणावर पडलं की एकच विचार येई: हा मेला तर उत्तर त्याच्याबरोबर जाईल. घराबाहेर मला सख्ख्या भावाने काढलं की नाही, हे न कळताच मी मरायचं?

पाहुणे होते तुरिनचे वकील क्वाल्या आणि त्यांची बायको ओर्नेल्ला. वकील म्हणजे उंटावरचे शहाणे. प्रवासाला निघाल्यापासून दर्नाला तिच्याच डोंगराचा इतिहास सांगत होते. सरहद्दीवर ना शिपाई ना फाटक, नुसती पाटी: 'स्वातंत्र्याच्या प्राचीन भूमीत स्वागत.'

"किती भारावल्यासारखं होतं नाही, मावशी?" ओर्नेल्ला म्हणाली.

"होतं ना. प्राचीन भूमीत अत्तर स्वस्त मिळतं."

वर पोचल्यावर दर्नाला वाटलं होतं त्याहून वाईट निघालं. जिथे चांभार बसायचा तिथे खोट्या तलवारी. जिथे दूध मिळायचं तिथे प्लास्टिकची पिस्तुलं आणि चकचकीत पर्सा. वकिलांनी रांगेत उभं राहून, पैसे देऊन पासपोर्टवर शिक्का मारून घेतला आणि लहान पोरासारखा सगळ्यांना दाखवला. खिडकीतली मुलगी दर्नाला म्हणाली, "आजी, तुम्हालाही हवाय? परदेशी पाहुण्यांना आठवण म्हणून देतो आम्ही."

"मला तुमच्या आठवणी पुष्कळ आहेत," दर्ना म्हणाली आणि रांगेबाहेर झाली.

दुपारी दगडाच्या जुन्या खाणीत धनुर्धाऱ्यांचा खेळ होता. त्याआधी चौकातून मिरवणूक: ढोल, कर्णे, मखमली टोप्या. त्या मिरवणुकीत दर्नाला क्विंतो दिसला. एक पाय पांढरा, एक निळा अशा घट्ट विजारीत त्याच्या काटक्या झालेल्या तंगड्या. हातात धनुष्य नव्हतं, ते ताणायची ताकद आता कुठली? नुसता झेंडा होता, आणि झेंड्यापेक्षा तोच जास्त हलत होता. चौकातून पार होताच तो रांगेतून फुटून भिंतीच्या सावलीत बाकावर बसला. पाहुण्यांना गर्दीत सोडून दर्ना तिथे गेली.

"वा, राजेसाहेब! या वयात विजार तरी धड घालायचीस."

क्विंतोने वर पाहिलं. आधी त्याला खरंच वाटेना. मग तो हसला. "दर्ना? तू वर? आज गारा पडणार बहुतेक."

"कोंबडी खाल्लीस का?"

"चिवट होती."

"पाठवणारीवर गेली होती."

दर्ना त्याच्या शेजारी बसली. पिशवीतून फडक्यात बांधलेली पिआदा काढली, अर्धी मोडून त्याला दिली. वाडीतल्या हॉटेलांत आता तेलाची करतात असं तिने ऐकलं होतं आणि तेलाची खाण्यापेक्षा उपाशी मरू अशी तिची प्रतिज्ञा होती. क्विंतो चावत राहिला.

"आता मुद्द्याचं बोल," दर्ना म्हणाली. "कशावर खूण केली होतीस?"

"इतक्या वर्षांनी तेच? सुंभ जळाला तरी पीळ जात नाही तुझा."

"माझा पीळ माझ्यापाशी. तू उत्तर दे. एवढी वर्षं गप्प बसलास म्हणजे उत्तर मला ठाऊकच आहे. तू आणि बाबांनी मिळून मला हाकललंत. एक आई तेवढी माझी होती, म्हणून बिचारी मरेपर्यंत डोंगर उतरून यायची. तुम्हा बाप्यांना लाज..."

"आईनेच!" क्विंतो एवढ्या जोराने म्हणाला की पुढचा ढोलवाला वळून बघू लागला. मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "मी आणि बाबांनी तुझ्या बाजूने मत दिलं. विरुद्ध दिलं ते आईने. त्या दिवशी जेवताना सगळ्यांसमोर सांगितलंन. म्हणाली, रीत ती रीत. दिलेली लेक त्या घरची. तिचा राग नाही माझा, पण ती इथली नव्हे. आणि रविवारी अंडी बांधून तुझ्याकडे आली."

दर्नाने उरलेली पिआदा परत फडक्यात बांधायला घेतली.

"मी माझं सांगितलं असतं तर तू आईचं विचारलं असतंस," क्विंतो म्हणाला. "तुला सोडतंय कोण? आई गेल्यावर सांगणार होतो. पण तिच्या खड्ड्यापाशी तू जी रडलीस... म्हटलं राहू दे. मला शिव्या देतेय ना, देऊ दे."

"गाढव आहेस तू," दर्ना म्हणाली. मग तिने उरलेली अर्धी पिआदाही त्याच्या हातात कोंबली. "रविवारी ये खाली. आणि माणसाची विजार घालून ये."

परतीच्या वाटेवर वकील बुरुजांची उंची सांगत होते. दर्नाने एकदाही टोमणा मारला नाही, तेव्हा ओर्नेल्लाला वाटलं म्हातारीला गाडी लागली. दर्नाला आईवर राग येत होता. भडका उडावा तसा. आई मेलेली, भांडायचं कुणाशी? रविवारच्या त्या अंड्यांची तिला किळस आली आणि लगेच रडूही आलं. आई आपल्याकडे आली की कधी तव्याजवळ गेली नाही, कधी चमचा उचलला नाही. आपल्याला वाटायचं, दमून येते बिचारी. ती पाहुणी म्हणून बसत होती. लेकीचं घर तिला परकं, आणि लेकीला तिचं.

घरी आली तो अंगणात द्राक्षांच्या पाट्या. गारा आल्या नव्हत्या. रिमिनीहून मोरेना तोडणीला मदत करायला आली होती. दिवसभर उन्हात राबून हात द्राक्षांच्या रसाने जांभळे झालेले. सगळे स्वयंपाकघरात दाटले होते, कात्या पिआदा लाटत होती, आणि मोरेना हात धुऊन, मांडीवर ठेवून बसली होती. दाराजवळच्या खुर्चीत.

दर्ना सवयीने कपाटाकडे गेली. निळ्या काठाची बशी हातात आली. "बस गं तू," म्हणून तोंडही उघडलं, आणि तिथेच थांबलं.

"आई, काय झालं?" मोरेनाने विचारलं. "मामा भेटला का?"

दर्नाने बशी परत आत ठेवली. कात्याच्या हातातून लाटणं काढून घेतलं आणि मोरेनाच्या मांडीवर टाकलं.

"काय पाहुण्यासारखी बसलीस? ऊठ. एवढी तोंडं आहेत घरात, कात्या एकटी किती लाटणार?"

मोरेना लाटण्याकडे बघत राहिली. "मी? तूच म्हणतेस ना की घरच्या बाईनेच..."

"मी म्हणते त्यातलं बाकी काही ऐकतेस का कधी? ऊठ म्हटलं ना."

मोरेना उठली. तिने लाटली ती रिमिनीच्या पद्धतीने, पातळ. तव्यावर टाकली तशी पापडासारखी फुगली आणि एका कडेला करपली. दर्नाने ती उचलून उजेडात धरली.

"ही पिआदा? हिच्यातून वरची वाडी दिसतेय," ती म्हणाली. मग ती दाराजवळच्या खुर्चीत जाऊन बसली आणि करपलेल्या कडेसकट सगळी खाल्ली.