आगाशे सरांचा पाणचक्कीवाला

आगाशे सरांनी मला कधीच विचारलं नाही, “सध्या कुठे असता?” त्या काळी न्यू जर्सीत दोन मराठी माणसं भेटली की नमस्काराआधी हा प्रश्न यायचा. सर विचारायचे, “तुमच्या कामात गंमत काय आहे?” आणि उत्तर मिळेपर्यंत समोरच्याच्या बुटांकडे, बोटांकडे बघत राहायचे.

ही खोड त्यांना एका कवीनं लावली होती. सर पार्सिपनीजवळच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवत. चौदाव्या शतकातल्या एका इंग्रज कवीवर त्यांचा भारी जीव. तो बंदरावर लोकरीच्या जकातीचं काम बघायचा आणि देवदर्शनाला निघालेले सरदार, मठवासी, स्वयंपाकी, पाणचक्कीवाले अशा सगळ्यांच्या गोष्टी लिहायचा. “प्लेगनं गावंच्या गावं उठवली हो,” सर सांगायचे, जणू मागच्या आळीत घडलं. “उरलेल्या मजुरांना भाव आला, सरदारांच्या पोटात दुखायला लागलं. तेव्हा या पठ्ठ्यानं सगळ्यांना एकाच रस्त्याला लावलं!”

आमची ओळख पेट्रोल पंपावर झाली. माझी इंजिनिअरची नोकरी गेली होती. आमच्या राज्यात स्वतः पेट्रोल भरायला बंदी, म्हणून पंपावर माणूस लागतो. तो माणूस मी होतो, आणि बायकोखेरीज कुणाला हे ठाऊक नव्हतं. देशी चेहरा दिसला की मी टोपी नाकापर्यंत ओढायचो. पण सरांच्या गाडीत भरताना हातावर पेट्रोल सांडलं आणि तोंडून “आयला!” निघून गेलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सर खाली उतरले आणि म्हणाले, “इथून माणसं कशी दिसतात हो?”

असं कुणी विचारल्यावर मी पाघळलोच. त्यांना झाकणाची गोष्ट सांगितली. आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष, सर्जन डॉक्टर सबनीस पंपावर आले, तेव्हा घाबरून मी त्यांच्या टाकीचं झाकण लावायलाच विसरलो. गुपचूप परत लावलं, तरी ‘कुठे सापडलं?’ म्हणून ते विचारणार, म्हणजे तोंड दाखवणं आलं. मग दर आठवड्याला डॉक्टर यायचे, टाकीत कोंबलेलं फडकं मी काढायचो, पेट्रोल भरायचो आणि फडकं पुन्हा कोंबायचो. सरांना हसून हसून चष्मा पुसावा लागला. “मी कुणाला सांगणार नाही,” ते म्हणाले. “पण इतकी छान गोष्ट कुजवू नका.”

त्या उन्हाळ्यात मंडळाची बस पिट्सबर्गच्या देवळाला निघाली. झाकण गुपचूप डॉक्टरांच्या सीटवर ठेवावं म्हणून मी खिशात घेतलं होतं. वाटेत प्रत्येकानं आपल्या कामातली गोष्ट सांगायची, ही सरांची टूम. पुढच्या सीटा अर्थातच डॉक्टरमंडळींच्या. सबनिसांनी एका ऑपरेशनची गोष्ट सांगितली, टाळ्या पडल्या. माइक आपसूक शेजारच्या डॉक्टरांकडे निघाला, तो सरांनी मध्येच घेतला.

“आमच्या कवीच्या रस्त्यावरही सरदारानंतर मठवाल्याचा नंबर होता. पण प्यायलेला पाणचक्कीवाला मध्येच घुसला, म्हणाला, आता मीच! त्याला खाली बसवलं असतं, तर सगळी मजाच गेली असती.”

एवढं बोलून त्यांनी माइक हवेत धरला आणि खिडकीबाहेर बघू लागले. माझं नाव घेणं त्यांना सहज शक्य होतं. ते घेतलं नाही, माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मी कसा उठलो ते मला अजून कळत नाही. “मी पेट्रोल पंपावर काम करतो,” म्हणालो. “आणि डॉक्टरसाहेब, हे तुमचं झाकण.”

सबनिसांनी झाकण हातात घेऊन उलटसुलट करून पाहिलं. मग डॉक्टर ओरडले, “अरे यार, तो तू होतास? सर्व्हिसिंगमध्ये हरवलं म्हणून मी डीलरशी केवढं आर्ग्यू केलं!” आणि बसभर जो हशा उसळला, त्यात माझी लाज कुठल्या कुठे गेली. बायको हसता हसता रडत होती. किती महिन्यांनी मला मोकळा श्वास घेता आला.

पुढे मला इंजिनिअरची नोकरी पुन्हा मिळाली, तरी सरांसाठी मी पाणचक्कीवालाच राहिलो. “काय पाणचक्कीवाले, काय दिसलं आज?” असा त्यांचा फोन यायचा. त्या माणसाचे उपकार मी कधी बोलून दाखवले नाहीत. ते त्यांना आवडलंही नसतं.

काही वर्षांनी सर गेले. शोकसभेत बोलणारे आधीच ठरले होते, डॉक्टर आणि प्रोफेसर. त्यांत मी नव्हतो. पहिले सबनीस बोलले. मग कॉलेजचे डीन माइकसाठी उठले, तेव्हा सबनिसांनी त्यांना हातानंच थांबवलं, माइक हवेत धरला आणि खिडकीबाहेर बघू लागले.

मी उठलो.