ओळंबाकाकांनी धरलेली भिंत

ओळंबा म्हणजे भिंत सरळ उभी आहे की नाही हे पाहायला गवंडी वापरतात ते दोरीला टांगलेलं वजन. काकांना त्याची गरज कधी पडलीच नाही. केसभर कललेली भिंतसुद्धा ते नुसत्या नजरेने पकडत, म्हणून अख्खी गल्ली त्यांना ओळंबाकाका म्हणायची. कामावर या नजरेचं फार कौतुक होतं. घरीदारी मात्र तिने उच्छाद मांडला होता. कुणाकडे गेले की आधी तिथली तसबीर सरळ करणार, मग पाण्याला हात लावणार. स्वतःच्या लग्नाच्या फोटोत फोटोग्राफरने मान जरा बायकोकडे झुकवायला सांगितली, तर पठ्ठ्याने साफ नकार दिला. त्या फोटोत काकू आजही एकट्याच प्रेमात पडलेल्या दिसतात.

अशा माणसाच्या धाकट्या मुलीला नेमकं शहरातल्या नव्या मॉलमध्ये काम लागलं. तिथे दुकानांच्या मधेमधे मोठाल्या कलाकृती मांडल्या होत्या आणि लोकांना त्या समजावून सांगत फिरवायचं, हे तिचं काम. त्या दिवशी तिथल्या मोठ्या मॅडम स्वतः तिच्याबरोबर फिरणार होत्या आणि तिला कायम करायचं की घरी पाठवायचं, ते ठरवणार होत्या. लेकीला बोलताना ऐकायला काकांचा जीव नुसता वरखाली होत होता.

"या तुम्ही," धाकटी म्हणाली, "पण बाबा, कशालाही हात लावायचा नाही. काही तिरकं दिसलं तर सरळ डोळे मिटायचे."

काकांनी कबूल केलं, आत पाऊल टाकलं, एकदा चौफेर पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. खांब म्हणावेत तर ते झाडांच्या बुंध्यांसारखे वेडेवाकडे वर जाऊन फांद्या पसरून बसलेले. छत म्हणजे शिरांसकट एक अवाढव्य पान. मजले डोंगरउतारासारखे ओघळलेले, आणि चपलांचं दुकान चक्क गुहेत! एवढ्या मोठ्या इमारतीत काटकोन औषधालाही नव्हता.

काकू त्यांना हाताला धरून नेऊ लागल्या. लोक भराभर बाजूला होऊ लागले. एक भला माणूस तर चाकांची खुर्चीच घेऊन आला.

"यांना अजिबात दिसत नाही का हो?" त्याने हळूच विचारलं.

"दिसतं ना," काकू म्हणाल्या, "तोच तर ताप आहे."

काकांना घेऊन खुर्ची मधल्या चौकात पोचली आणि काकूंच्या तोंडून निघून गेलं, "अगबाई, विटांची भिंत!"

विटा म्हटल्यावर गवंड्याचे डोळे मिटलेले राहतील होय? काकांनी पाहिलं. चांगली दोन पुरुष उंच भिंत, वाऱ्याने वाकलेल्या गवतासारखी पुढे झुकलेली, आणि तिच्याखाली पोरं आइस्क्रीम खात बसलेली. काका खुर्चीतून ताडकन उठले, धावत गेले आणि भिंतीला पाठ लावून ओरडले, "पळा रे! भिंत येतेय!"

पोरं पळाली तर नाहीतच, उलट टाळ्या पिटू लागली. माणसं गोळा झाली, मोबाइल निघाले. एकजण काकांच्या शेजारी येऊन म्हणाला, "काका, चेहऱ्यावर जरा त्रास दाखवा ना, फोटो मस्त येईल."

"होतोय की त्रास!" काका घामाघूम होऊन म्हणाले.

"अहो, सोडा ती!" काकू कळवळल्या.

"सोडली तर पडेल."

"मग तुम्ही यायच्या आधी कुणी धरली होती?"

काकांनी पाय आणखी घट्ट रोवले. भिंत काही त्यांनी सोडली नाही.

तेवढ्यात पाहुण्यांचा घोळका घेऊन धाकटी आली, आणि तिच्या मागोमाग मॅडम. काकांनी लेकीचा उतरलेला चेहरा पाहिला. आपण तिची नोकरी घालवली, हे त्यांना लख्ख कळलं.

"हे गृहस्थ कोण?" मॅडमनी विचारलं.

"कुणी नाही, कुणी नाही," काका घाईघाईने म्हणाले. "असाच आलोय. या ताईंना मी ओळखतसुद्धा नाही."

धाकटी पुढे आली. "माझे बाबा आहेत, मॅडम. गवंडी आहेत. भिंत पोरांच्या अंगावर पडेल असं त्यांना वाटतंय." मग ती घोळक्याकडे वळली. "या भिंतीच्या आत लोखंडी सांगाडा आहे. ती अशीच झुकलेली राहावी म्हणून बांधलीय." आणि सरळ जाऊन ती भिंतीखाली उभी राहिली. "बाबा, मी आहे इथे. आता सोडा."

काकांनी विटांकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं. जन्मभर डोळ्यांनी सांगितलेलंच खरं मानलं होतं, आणि डोळे आत्ताही भिंत पडणार म्हणूनच सांगत होते. त्यांना रडू फुटलं. मग त्यांनी आधी पाठ काढली, मग एक हात, मग दुसरा.

भिंत होती तशीच राहिली. चौकात टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला.

मॅडमनी ओठ दाबून हसू आवरलं. मग म्हणाल्या, "तू उद्यापासून कायम. पण यांना पुन्हा इथे आणायचं नाही."

तेव्हापासून काका भेटेल त्याला थांबवून, छाती फुगवून सांगतात, "तो मोठा मॉल आहे ना? माझी लेक तिथे कायम आहे. मला बंदी आहे!"