नाकाच्या भरवशावर

वास घेतो म्हणून वासू, आणि वयाने सगळ्यांच्या वरचे म्हणून नाना. रंगाच्या कारखान्यात एकोणतीस वर्षं काढलेल्या या माणसाला सगळे वासूनाना म्हणत. हुद्दा मदतनीसाचा. पण टाक्यांच्या आवारात पेटतं काम काढायचं म्हटलं, मग ते वेल्डिंग असो, ग्राइंडर असो की गंजलेला बोल्ट कापणं असो, आधी नानांना हाक जायची. नाना सावकाश यायचे. टोपी काढून काखेत धरायचे, वाऱ्याकडे पाठ करायचे, टाकीच्या तोंडाशी वाकायचे आणि तीनदा श्वास ओढायचे. मग म्हणायचे, "लाव." नाहीतर म्हणायचे, "नको." त्यापुढे साहेबाचंही चालत नसे.

टाक्यांत असायचं टोल्युइन, रंग पातळ करायचं सॉल्व्हंट. दिसायला पाण्यासारखं गरीब. पण त्याची वाफ हवेपेक्षा जड. ती उडून जात नाही, टाकीच्या बुडाशी दबा धरून बसते आणि एका ठिणगीची वाट बघते. म्हणून रीत ठरलेली: टाकी उपसा, पाण्याने धुवा, वाफारा द्या, तळाचा गाळ खरवडा, पंखा लावून हवा खेळवा, आणि शेवटी मशीनची नळी आत सोडून वायू किती उरलाय ते मोजा. आकडा बसला तरच कामाचा परवाना.

मशीन होतं. सहा वर्षांपूर्वी दुरुस्तीला म्हणून गेलं, ते रुसलेल्या सुनेसारखं परत आलंच नाही. तेव्हापासून परवान्यावर आकड्याच्या जागी सुपरवायझर लिहायचा, 'ठीक'. ठीक म्हणजे नानांनी हुंगलं. कुणी नव्या मशीनचा विषय काढला की सुरक्षा अधिकारी दात काढून म्हणायचा, "आहे की आपल्याकडे! दोन भोकांचं. बॅटरीसुद्धा लागत नाही."

सगळे हसायचे. नानाही हसायचे, आणि त्यांची मान दोन बोटं वर व्हायची.

यात नानांचा काही दोष नाही असं कोणी म्हणू नये. दोष होता. फार वर्षांपूर्वी एकदा सगळे "लाव" म्हणत असताना ते एकटे "नको" म्हणाले होते. सुपरवायझरने आईबाप काढले, तरी हटले नाहीत. मग गाळाच्या पापुद्र्याखालून दोन बादल्या सॉल्व्हंट निघालं आणि मदतनीसाचा एका दिवसात देव झाला. देवपण कुणाला सोडवतं? मालकाला फुकटचं मशीन मिळालं, नानांना फुकटचा मान मिळाला. सौदा दोघांनाही परवडला.

मग एक सकाळ अशी आली. नाना ओट्याजवळ खुर्ची टाकून पेपर वाचत होते. बायको मागच्या दाराला कपडे वाळत घालत होती. ती तिथूनच ओरडत आत आली.

"अहो, काय झोपलात की काय? दुधाचा कोळसा झाला! मला मागे वास आला आणि तुम्ही वीतभर अंतरावर ढिम्म!"

"लक्ष नव्हतं."

"अख्ख्या कारखान्याला नाक पुरवता आणि घरात मात्र नावालाही नाही!" ती पातेलं घेऊन मोरीत गेली.

नाना उठले. कपाटातली फिनेलची बाटली उघडून नाकाशी धरली. पाणी. रॉकेल हुंगलं. तेही पाणी. कांदा उभा चिरला. डोळे झरझर वाहिले, पण वास म्हणून काही आला नाही. वर्षानुवर्षं जे विष तीन तीन श्वासांनी आत ओढलं होतं, त्याने आपलं काम चोख केलं होतं.

त्याच दिवशी सांगायला हवं होतं. नाना म्हणाले, उद्या सांगू. उद्याचा परवा झाला. नाक नाही म्हटल्यावर नाना म्हणजे झाडू हातात घेतलेला म्हातारा, एवढा हिशोब त्यांना कळत होता. म्हणून त्यांनी चोरवाट काढली. टाकीशी वाकायचं, श्वास ओढल्यासारखं करायचं आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून बाकीच्यांची तोंडं बघायची. कुणी नाक मुरडलं, तर "नको". सगळे निवांत दिसले, तर "लाव".

चार महिने निभावलं. मग पंपवाल्याची वेळ आली. पंपघरात एक बोल्ट जाम झाला होता, ग्राइंडरने कापायचा होता. पंपवाल्याला सर्दी, शेजारी दुसरं कुणी नाही. नानांनी त्याच्या निवांत तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाले, "लाव."

ठिणगी उडाली, पंपघर पेटलं. भाजलेला पंपवाला सोळा दिवस इस्पितळात होता. सतराव्या दिवशी गेला. चौकशीत त्याच्या लॉकरमध्ये लायटर सापडल्याचं लिहिलं, आणि निष्कर्ष निघाला: मृताचा निष्काळजीपणा. नानांना कुणी एक प्रश्न विचारला नाही. विचारणार कसा? नाना हुंगतात असं कागदावर आलं असतं, तर मशीन कुठे आहे हेही आलं असतं. साहेब गप्प, म्हणून नाना गप्प. पंपवाल्याच्या बायकोला कारखान्याने उदार होऊन कॅन्टीनमध्ये कपबशा धुवायला ठेवलं. तेव्हापासून नाना चहा पिईनासे झाले. विचारलं तर म्हणत, पित्त होतं.

आठ महिने असे गेले आणि तीन नंबरच्या टाकीला बुडाशी भेग पडली. वेल्डरने आत उतरून ती सांधायची होती. वेल्डर म्हणजे नानांच्या धाकट्या बहिणीचा नवरा, म्हणून सगळ्या कारखान्याचे दाजी.

पहिल्या दिवशी टाकी धुतली. नाना वाकले, उठले, म्हणाले, "नको." दुसऱ्या दिवशी पुन्हा धुतली, वाफारा दिला. "नको." तिसऱ्या दिवशी नाना वाकायच्या आधीच मान हलवू लागले, तेव्हा सुपरवायझरचा पारा चढला.

"नाना, ही टाकी आहे की बाळंतीण? रोज न्हाऊमाखू किती घालायचं? येतोय वास?"

"येतोय."

"मघाशी तुम्ही वाकलातसुद्धा नाही!"

"येतोय म्हटलं ना."

सुपरवायझरने स्वतः तोंड आत घातलं. "मला तर काडीचा येत नाही." येणार कुठून? सकाळपासून तो त्याच आवारात उभा होता. एकाच वासात माणूस उभा राहिला की थोड्या वेळात नाक थकतं आणि वास असूनही नसल्यासारखा होतो. प्रत्येक नव्या कामगाराला हे नानांनीच शिकवलं होतं.

"दाजी, उतरा हो," सुपरवायझर वेल्डरला म्हणाला. "म्हाताऱ्याला मेहुण्याची माया आलीय. आणि तुम्हाला भीती वाटत असेल तर तसं सांगा. बाहेरून कंत्राटी वेल्डर आणतो. तो नाकं बघत बसणार नाही."

दाजींनी वेल्डिंगचा होल्डर खांद्यावर टाकला आणि नानांकडे पाहिलं. "मी याचं ऐकत नाही, नाना. तुम्ही सांगा. उतर म्हणालात तर उतरतो, नको म्हणालात तर हा घरी चाललो. पण नुसतं नको म्हणू नका. काय वास येतोय, किती येतोय, ते सांगा. नाहीतर हा उद्या दुसऱ्या कुणालातरी मारेल."

नानांकडे सांगायला काही नव्हतं. त्यांच्या नुसत्या "नको"ला आता कवडीची किंमत राहिली नव्हती.

"मला वास येत नाही," ते म्हणाले.

"हां!" सुपरवायझरने टाळी वाजवली. "मग तेच तर सांगतोय तीन दिवस! म्हणा, लाव."

"तसं नाही. मला कशाचाच वास येत नाही. वर्ष झालं."

मग कुणीतरी हसलं, आणि एकट्याचंच हसू ऐकून गप्प झालं.

"वर्ष?" दाजी म्हणाले. "म्हणजे पाच नंबरची पाइपलाइन? मिक्सरचा पाय? गच्चीवरचा व्हॉल्व्ह?" ते एकेक बोट दुमडत गेले. एक हात संपला, दुसरा सुरू झाला. "त्या प्रत्येकाला तुम्ही लाव म्हणालात."

"हो."

"पंपवाल्याला?"

"त्यालाही."

दाजींनी हात उगारला नाही. उगारला असता तर नानांना बरं वाटलं असतं. त्यांनी होल्डर खाली ठेवला. "तुमची बहीण रोज डबा देताना विचारते, आज कुठे काम आहे? मी म्हणतो, कुठेही असू दे, वर नाना उभे असतात. आज तिला काय सांगू?" आणि उत्तराला न थांबता ते फाटकाकडे चालू लागले.

त्यांच्या मागून बाकीचेही हलले. मशीन येईपर्यंत कुणी हत्याराला हात लावणार नाही, असं त्यांनी जाता जाता सुनावलं. जे मशीन सहा वर्षं मिळत नव्हतं, ते दुपारी दोन वाजता शेजारच्या कारखान्यातून उसनं आलं. नळी टाकीत सोडली. तोंडाशी शून्य. मधे सहा. नळी बुडाला टेकली आणि मशीन किंचाळायला लागलं. बासष्ट; शंभरावर हवाच पेट घेते. दहाच्या वर माणूस उतरवायचा नसतो.

नाना कोपऱ्यातून तो आकडा बघत होते. तोंडाशी शून्य. म्हणजे नाक धडधाकट असतं तरी वर वाकून त्याला बुडाचं काय कळणार होतं? एवढ्या वर्षांत जी माणसं जिवंत राहिली, त्यातली किती नाकामुळे आणि किती नशिबामुळे, हे आता देवालाच ठाऊक. त्यांनी टोपी डोक्यावर घातली, पण ती नीट बसेना.

सुरक्षा अधिकाऱ्याने त्यांना केबिनमध्ये बोलावलं. खुर्ची दिली. आजवर कधी दिली नव्हती.

"झालं ते झालं, नाना. नवं मशीन मागवतोय. तुम्हाला फाटकावर बसायचं हलकं काम देतो. जुनं उकरून काढू नका. तुमच्यावरच शेकेल. मनुष्यवधाचं कलम ऐकलंय ना?"

"तुमच्यावर नाही शेकणार?"

"म्हणून तर सांगतोय. आपण दोघंही एकाच नावेत आहोत."

नाना उठले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना साहेबाच्या शेजारी बसल्याची किळस आली. ते सरळ कॅन्टीनमध्ये गेले. पंपवाल्याची बायको मोरीत कपबशा विसळत होती.

"चहा संपला," ती मान वर न करता म्हणाली.

"चहाला नाही आलो, वहिनी." आणि उभ्या उभ्याच त्यांनी सगळं सांगून टाकलं. फिनेलची बाटली, तोंडं बघणं, पंपघर, "लाव". नळ वाहत राहिला. सांगून झाल्यावर तिने तो बंद केला.

"सोळा दिवस त्यांचं एकच चाललं होतं," ती म्हणाली. "नानांनी लाव म्हटलं होतं, मग पेटलं कसं? मी म्हणायचे, तुमचंच काहीतरी चुकलं असेल, देवमाणसाला कशाला मधे आणता? मरत्या माणसाला मी खोट्यात काढलं, नाना. तुमच्यासाठी."

"शिव्या घाला मला."

"त्या घरी घालीन. घरी वेळच वेळ आहे." तिने हात पदराला पुसले. "माझी मुलगी शाळेत ऐकते, तुझा बाप लायटरने मेला म्हणून. हे जे आता बोललात, ते लिहून द्याल? सहीनिशी?"

"मला तुरुंगात टाकतील."

"मी विचारलं, लिहून द्याल का?"

"देईन."

तिने फळीवरची वही काढली, कोरं पान फाडलं आणि पेनासकट टेबलावर ठेवलं. नाना बाकावर बसले. अक्षर तिरकं जात होतं. ती पाठीमागे उभी राहून ओळीमागून ओळ वाचत होती. दारात दोन कामगार येऊन थांबले. तिने त्यांना हातानेच थांबवलं, पण घालवलं नाही.

'माझे नाक निकामी झालेले असताना,' नानांनी लिहिलं, 'व कंपनीने मशीन दिलेले नसताना, मी चुकून त्यांना काम सुरू करण्यास सांगितले.'

तिचं ओलं बोट कागदावर आलं.

"हे 'चुकून' खोडा."

नानांनी खोडलं.